भिंतीपलीकडची सूं सूं

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत एक बातमी फिरली, की शेजारच्या आत्या रोज रात्री रडतात. तेही साधंसुधं नाही, उशीत तोंड खुपसून पहाटेपर्यंत. कारण म्हणे कुणी एक जुना माणूस. त्याच्याशी त्यांचं लग्न ठरता ठरता राहिलं आणि त्याचं नाव त्यांनी इतक्या वर्षांत ओठांवर येऊ दिलं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने हे ऐकलं आणि माझ्या पिशवीत दोन पाव जास्तीचे टाकले. म्हणाली, ‘त्यांना नेऊन द्या. दुःखात माणूस जेवत नाही.’

पाव मीच खाल्ले. बातमी माझी होती.

आता खरं सांगते. आत्यांची झोपायची खोली आणि माझी, दोन्हींच्या मध्ये एका विटेची भिंत आहे. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला ते माझेच आहेत. त्या भिंतीतून रात्री सूं सूं यायचं, मग एक लांबलचक उसासा, मग उशी उलटी करून आपटल्याचा आवाज आणि पुन्हा सूं सूं. एवढं साहित्य हाताशी असल्यावर कुणीही रडणंच शिजवलं असतं. जुना माणूस तेवढा मी वरून घातला, कारण फोडणीशिवाय बातमीला चव येत नाही.

चौथ्या दिवशी आत्यांची भाची माझ्या दारात उभी. ती टपाल कचेरीत शिक्के मारते, त्यामुळे बोलतेही तशीच, ठप्प ठप्प.

‘काकू, तुमच्या मागच्या अंगणात विटा आहेत ना? दोन द्या.’

‘विटा कशाला गं?’

‘आत्याच्या पलंगाला. उशाकडच्या पायांखाली ठेवायच्यात. रात्री नाक चोंदतं तिचं. पार बंद. दोन महिने झाले, धड झोप नाही.’

‘म्हणजे त्या रडत नाहीत?’

‘आत्या? रडणार?’ भाची माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी पाकिटावर तिकीटच लावलं नव्हतं. ‘कुणी सांगितलं?’

‘लोक काय, काहीही बोलतात,’ मी म्हटलं, आणि विटा काढायला वाकले. इतका देखणा जुना माणूस, जागच्या जागी गेला बिचारा.

ज्यांना आत्या माहीत नाहीत त्यांना हे साधं पडसं वाटेल. तसं ते नव्हतं. आत्या साबणाच्या कारखान्यात वास घेतात. हसू नका, ही नोकरी आहे. कालव्याकाठच्या त्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची आहे. त्या खुर्चीवर आत्या सव्वीस वर्षं बसल्या. सकाळी सातला खालून एका थाळीत साबणाचे तुकडे येतात, आदल्या दिवशीच्या प्रत्येक कढईचा एक. आत्या तुकडा नाकाला लावत नाहीत. नाकाखालून तो असा जाऊ देतात, जसं शेजारच्या खोलीतून कुणी चालत गेलं. दोन तुकड्यांच्या मध्ये स्वतःच्या कोपराच्या आतली कातडी हुंगतात. ‘पाटी पुसावी लागते बाई,’ म्हणतात. मग डोळे मिटून एकच शब्द. ‘जाऊ दे’ किंवा ‘परत’. ‘परत’ म्हटलं की अख्खी कढई पुन्हा चुलीवर चढते आणि खालची माणसं मनातल्या मनात आत्यांचा उद्धार करतात.

असं नाक घरी आणल्यावर त्याची बडदास्त ठेवावीच लागते. आत्यांच्या घरात तेल, अत्तर, अगदी फुलांचा गुच्छसुद्धा नाही. झोपायच्या खोलीच्या खिडक्यांना फटी होत्या, त्यांत फलालीनच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या. का, तर गल्लीत बेकरी, रंगाचं दुकान, धोबी, आणि मी. ‘नाक म्हणजे माझा चष्मा आहे,’ त्या सांगायच्या. ‘त्याच्यावर रस्त्याचा धुरळा बसू द्यायचा नाही.’ मला त्यांच्या उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. माझा कांदा रोज करपतो. त्याला मी काय करू? कांदा परतायची वेळ आणि गल्लीतल्या बातम्या माझ्या खिडकीखालून जायची वेळ एकच.

आत्या रस्त्यात भेटल्या की तपासनीस भेटल्यासारखं व्हायचं. ‘काल पाहुणे होते वाटतं, विडी ओढणारे.’ ‘दूध उतू गेलं ना गं? दोनदा?’ माझा नवरा तर त्यांना बघून समोरच्या बाजूने जातो.

पण एकदा संध्याकाळी पायरीवर बसल्या असताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती आणि ती मी कुणालाच सांगितली नाही. मी! म्हणजे बघा. त्या म्हणाल्या, ‘लोकांना स्वप्नं दिसतात. मला ती येतात, वासाने. आधी ओल्या लाकडाचा वास येतो, मग त्या वासाला दार फुटतं. दारामागे इस्त्रीच्या शर्टाचा वास आला की समजायचं, वडील आले. चेहरा नाही, आवाज नाही. नुसता कडक शर्ट खोलीभर फिरतो. मी त्याच्या मागे मागे जाते. कधी कधी आम्ही कालव्याच्या कडेने खूप लांब जातो आणि पाण्याचाही वास गार असतो.’ हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही श्वास बेतानेच घेत होते, माझ्या श्वासाला कांदा असेल म्हणून.

तर त्या नाकाला रात्री टाळं लागायला लागलं. विटा घेऊन मी उंबऱ्यापर्यंत गेले तेव्हा आत्या बाहेरच्या खोलीत रुमाल घेऊन बसल्या होत्या. आवाज कापसाच्या बोळ्यातून आल्यासारखा.

‘स्वप्नं?’ मी हळूच विचारलं.

‘गेली. नुसता अंधार असतो आणि तोंडाला कोरड.’

आणि त्याहून वाईट बातमी भाचीने शिक्का मारून दिली. नाक उघडायला सकाळचे दहा वाजायचे आणि थाळी यायची सातला. दोन महिने आत्या त्या खुर्चीवर बसून सगळ्याला ‘जाऊ दे’ म्हणत होत्या. ‘परत’ म्हटलं की कारण सांगावं लागतं, ‘जाऊ दे’ला कुणी कारण विचारत नाही. शेवटी तीन पेट्या दुकानांतून फिरून आल्या. साबणाला खवट तेलाचा वास. मुकादम वर आला आणि म्हणाला, ‘बाई, महिनाभर देतो. महिन्याच्या शेवटी मी स्वतः तीन तुकडे आणीन. ओळखलेत तर खुर्ची तुमची. नाहीतर खाली वेष्टनाच्या खोलीत या, साबण कागदात गुंडाळायला. वास घ्यायला यंत्र निघालंय म्हणे.’

‘नोकरीची चार वर्षं राहिलीत माझी,’ आत्या म्हणाल्या. ‘ती काय कागद दुमडण्यात घालवू?’

नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे त्या जाऊन आल्या होत्या. त्याचं म्हणणं आत्यांनी मला त्याच्याच आवाजात करून दाखवलं, चोंदलेल्या नाकाने, त्यामुळे ते जरा बेडकाच्या तोंडून आल्यासारखं वाटलं. नाकाच्या आत मऊ गादीसारखं अस्तर असतं. दिवसा माणूस उभा असतो तोवर ठीक. आडवा झाला की त्या अस्तरात रक्त जास्त भरतं आणि गादी फुगते. अगोदरच कशाने तरी सुजलेली असेल तर मग बघायलाच नको, वाटच बंद. म्हणून उशाकडची बाजू उंच करा. आणि नाक कशाने सुजतंय ते शोधा.

पहिल्या रात्री विटांवर चढवलेल्या पलंगावर आत्या झोपल्या आणि सकाळी पायथ्याशी सापडल्या. ‘घसरगुंडी आहे ती,’ म्हणाल्या. ‘रात्रभर मी खाली येत होते. मधूनच वाटायचं, स्टेशन आलं.’ भाचीने गुडघ्यांखाली एक लोड दिला तेव्हा प्रवास थांबला. नाक मात्र चार आणेच उघडलं.

मग थेंबांची भानगड बाहेर आली. आत्यांच्या पिशवीतून रुमाल काढताना एक छोटी बाटली उंबऱ्याबाहेर माझ्या पायाशी घरंगळली.

‘हे काय?’

‘नाकाचे थेंब. औषधाच्या दुकानातून आणलेत. टाकले की फट्‌दिशी उघडतं.’

‘डॉक्टरांना सांगितलंत?’

‘त्यांनी विचारलं नाही.’

‘विचारलं होतं,’ भाची म्हणाली. ‘तू “कधीमधी” म्हणालीस.’

‘कधीमधीच! झोपताना, मग बाराला, मग तीनला.’

भाची त्यांना दंडाला धरूनच परत घेऊन गेली. डॉक्टरने बाटली हातात घेतली, टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला. तीन-चार दिवसांच्या वर हे थेंब घ्यायचे नाहीत, म्हणाला. पुढे पुढे थेंबांचा जोर ओसरला की अस्तर पहिल्यापेक्षा जास्त फुगतं, म्हणून आपण पुन्हा थेंब टाकतो, म्हणून ते पुन्हा फुगतं. त्याने मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं आणि दम धरायला. पुढचे पाच-सहा दिवस भिंतीपलीकडे जे काही चाललं होतं त्याला सूं सूं म्हणणं म्हणजे आत्यांचा अपमान आहे. मी कानात कापूस घालून झोपले, जे माझ्या इतिहासात प्रथमच घडलं. सातव्या रात्रीपासून जरा जरा उतार. दहाव्या दिवशी नाक आठ आणे. आणि तिथेच अडलं.

महिन्यातले बारा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी भाचीची पाळी उशिराची होती. मी गरम पाण्याची पिशवी घेऊन आत्यांच्या दारात गेले आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले.

‘ये आत,’ आत्या म्हणाल्या. ‘संध्याकाळपासूनच चोंदलंय, मला कुठे वास येतोय? आता तू काय आणि गुलाब काय.’

अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या झोपायच्या खोलीत पाय ठेवला. दिवा मंद होता. पट्ट्या ठोकलेल्या खिडक्यांच्या काचेवर बाहेरची थंडी टेकून उभी होती, आत येता येत नव्हती. हवा अशी, जशी फार दिवसांनी ट्रंक उघडली की आतून उठते. जुनी लोकर, भिंतीची ओल, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी शेकडो फुलं, सगळी झोपलेली. मला पाण्याखाली उतरल्यासारखं वाटलं. मग मला तीन शिंका आल्या.

‘आत्या, इथे वास येतोय.’

‘इथे?’ त्या उठून बसल्या. ‘या खोलीत? मी वासाला दारात उभा करत नाही!’

‘येतोय. कोंदट. आणि पलंगाखालून येतोय.’

आत्यांनी पायाने चादर बाजूला सारली. पलंगाखाली लाकडी पेट्या होत्या, चपट्या, शेजारी शेजारी, भिंतीपर्यंत. मी एक ओढली. आत जुन्या स्वेटरांच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या साबणाच्या वड्या. सव्वीस वर्षं, दर महिन्याची एक. मी लोकरीची एक घडी उलगडली, तर दिव्याच्या उजेडात तिच्यातून बारीक, सोनेरी धूळ उठली आणि खाली पडायचं विसरून तरंगत राहिली. आम्ही दोघी ती बघत बसलो. आत्यांनी एक वडी तळहातावर घेतली. इतकी वाळलेली की हाडासारखी वाजली.

‘ही त्या महिन्याची, वडील गेले तेव्हाची. ही बघ, भाची माझ्याकडे राहायला आली, एवढीशी होती, तेव्हाची. रात्री मी वर झोपते, या खालून वर येतात. मला वाटायचं, स्वप्नं यांच्यातूनच निघतात. म्हणून लोकरीत ठेवल्या, हवा लागू नये. म्हणून खिडक्या बुजवल्या, बाहेरचं काही मिसळू नये.’

‘आणि शेवटची फट कधी बुजवलीत?’

‘यंदा. थंडी सुरू झाली तेव्हा.’ त्यांनी कडेच्या पेट्यांकडे बघितलं. ‘दोन पेट्याही तेव्हाच कपाटावरून इथे आल्या.’

पलंगामागची भिंत मी हाताने चाचपली. ओली होती, आणि हाताला काळं लागलं. गल्लीतल्या प्रत्येक घराचं झाकलेलं ज्या नाकाला कळतं त्याला स्वतःच्या उशाखालची बुरशी कळली नव्हती. आपल्या घराचा वास कुणालाच येत नाही म्हणा. मला माझ्या कांद्याचा कुठे येतो?

पण आत्या सहजासहजी ऐकणाऱ्या नव्हेत. ‘नाक माझं की तुझं? सव्वीस वर्षं वास घेतेय मी. तू काय घेतेस? माहिती!’

‘माहितीच देतेय.’

‘या पेट्या गेल्या आणि स्वप्नं आलीच नाहीत तर?’

आत्यांनी बाही वर केली, कोपर नाकाशी नेलं आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांच्या तोंडावरून मला कळलं, पाटी पुसायलाच काही उरलं नव्हतं. बाहेरून कुणाची तरी सायकल गेली, घंटी वाजवत.

‘घेऊन जा,’ त्या म्हणाल्या. ‘पण स्वयंपाकघरात ठेवलीस तर बघ.’

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भाचीने चिमट्याने फलालीनच्या पट्ट्या उपसल्या. लोकर अंगणात झटकायला घेतली तर अंगणच दिसेना. ती टाकूनच दिली. वड्या नव्या कागदात बांधून माझ्या बाहेरच्या खोलीतल्या कपाटात गेल्या. चादरी उकळल्या, उशी नवी आली, गादी उन्हात पडली, भिंत खरवडून पुसली. आणि सव्वीस वर्षांनी त्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, तेव्हा वारा जरा बिचकतच आत आला, जसा मी आले होते.

पहिल्या दोन-तीन रात्री थोडी कुरकुर ऐकू आली. मग एका रात्री भिंत गप्प. मी वाट बघितली. काही नाही. मी उठून कान लावला. काही नाही. मी घाबरले, नवऱ्याला हलवलं. तो म्हणाला, ‘अगं, माणूस झोपलाय पलीकडे. झोपलेल्या माणसाचा असाच आवाज येतो. तू कधी ऐकलेला नाहीस.’ पडल्या पडल्या मग मी त्या शांततेचाच कानोसा घेत राहिले. ती वाढत वाढत गल्लीभर झाली, छपरांवर चढली, कालव्यापर्यंत गेली. केव्हातरी बेकरीची भट्टी पेटली असावी. ताज्या पावाचा वास माझ्या खिडकीतून आला, आणि मला माहीत होतं की त्याच घटकेला तो पलीकडच्या खिडकीतूनही आत जातोय.

सकाळी आत्या पायरीवर बसल्या होत्या. स्वच्छ आवाजात म्हणाल्या, ‘आलं.’

‘काय?’

‘स्वप्न. आधी पाव आला. त्याला दार फुटलं. आत इस्त्रीचा शर्ट. आम्ही कालव्याच्या कडेने गेलो, खूप लांब. वाटेत कुणीतरी करपवत होतं. मी वडलांना म्हटलं, लक्ष देऊ नका, शेजारीण आहे.’

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी कांदा चढवलाच नाही. संध्याकाळी आत्या कारखान्यातून आल्या, पायरीवर टेकल्या, चपला काढल्या, आणि मला जीव जाईपर्यंत ताटकळत ठेवून मग सांगितलं. मुकादमाने तीन तुकडे आणले होते. पहिला घेतला. ‘जाऊ दे.’ दुसरा घेतला. ‘परत. तेल दोनदा तापवलंय.’ तिसरा घेतला आणि आत काहीच आलं नाही. ओळखीची ना अनोळखी, कसलीच फुलं नाहीत.

‘मला घाम फुटला गं. दोन महिने मी काहीच येत नसताना वास ठीक आहे म्हणत आले होते. मुकादम डोळे बारीक करून बसलेला. तोंडात “जाऊ दे” आलंच होतं. मग कोपर हुंगलं. कोपर आलं! स्वच्छ आलं, सकाळच्या मिठाच्या पाण्यासकट. पुन्हा तुकडा घेतला. म्हटलं, हा कोरा आहे. तेल आणि खार. सुगंध घालायच्या आधीच काढलाय.’

‘मग?’

‘मुकादम म्हणाला, नाक बंद असलेला माणूस इथे काहीतरी फूल सांगतोच. खुर्ची पुसून घ्या, बाई.’

मला इतका आनंद झाला, की त्या भरात मी कबूल करून टाकलं. रडण्याची बातमी, जुना माणूस, दोन पाव, सगळं. आणि विचारलं, ‘आता आत्या, गल्लीला काय सांगू? लोक अजून हळहळतायत. तुम्ही रडत नव्हता म्हटलं तर माझी पत जाईल.’

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, नाकाखालून संध्याकाळची हवा एकदा जाऊ दिली, आणि म्हणाल्या,

‘सांग की रडायचं असतं तर मी तुझ्या स्वयंपाकघरात येऊन रडले असते. तिथे कुणाला संशयसुद्धा आला नसता.’